शस्त्राचे पाणी आणि शस्त्राची कातडी : तंजावरच्या शस्त्रागाराच्या निमित्ताने

चेन्नईच्या एग्मोर भागातील शासकीय संग्रहालयात तंजावरच्या राजवाड्यातून आलेली शस्त्रे आहेत. १८५१ साली स्थापन झालेले हे संग्रहालय १८५४ मध्ये 'पँथिऑन' या जुन्या वास्तूत हलविण्यात आले. पुढच्याच वर्षी तंजावरचे अखेरचे मराठा राजे दुसरे शिवाजी पुरुष वारसाविना निवर्तले आणि कंपनी सरकारने राज्यासह राजवाड्यातील चीजवस्तूही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. परंतु राज्यसत्तेचे हे कृत्य न्यायालयाच्या कक्षेबाहेरचे आहे, असा निवाडा प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये दिला. पुढे १८६२ मध्ये खासगी मिळकत राण्यांना परत करण्यात आली. शस्त्रागाराचे भवितव्य मात्र निराळे ठरले. १८६३ मध्ये त्यातील निवडक नग मद्रासच्या संग्रहालयासाठी वेगळे काढले गेले आणि उरलेला मोठा साठा तोडून धातूच्या भावाने विकण्यात आला. ज्या राजवाड्यातील मोडी कागद सरस्वती महालात टिकले, त्याच राजवाड्यातील लोखंड मोडीत निघाले.

जे टिकले त्याचा अभ्यास झालेला नाही, असे नाही. रॉबर्ट एलगुड यांचा हिंदू शस्त्रे व त्यांचे विधी यांवरील २००४ चा ग्रंथ मुख्यतः याच संग्रहाच्या आधारे उभा आहे. दक्षिणेतील कट्यारींचे आकार, मुठींवरील व्याल आणि पोपट, मुठीत बसविलेली युरोपीय पाती यांविषयी त्यामुळे पुष्कळ कळते. परंतु शस्त्राचा अभ्यास बहुधा आकाराचा आणि अलंकरणाचा अभ्यास असतो. पोलादाच्या पृष्ठभागाचा नसतो. वास्तविक शस्त्राचा कठीणपणा पुष्कळदा त्याच्या पृष्ठभागावरच वसतो, आणि तो पृष्ठभाग कसा घडला हे सांगणारी खूण सर्वांत आधी पुसली जाते. ती खूण म्हणजे रंग. रंग नाहीसा झाल्यावर उरते ते त्याविषयी लिहिलेले. त्यामुळे लोखंडाला कठीण कातडी चढविण्याच्या या विद्येचा इतिहास बऱ्याच अंशी पाककृतींसारख्या लहान लहान कृतिपाठांचा इतिहास आहे, आणि तो तौलनिक वाचनाच्या कक्षेत येतो.

विद्येचे स्वरूप प्रथम पाहिले पाहिजे. कारखान्यात जिला 'केस हार्डनिंग' म्हणतात ती, म्हणजे पृष्ठकठिणीकरणाची, क्रिया तत्त्वतः साधी आहे. मऊ घडीव लोखंडात कर्ब जवळजवळ नसतो; म्हणून ते कितीही तापवून पाण्यात बुडविले तरी कठीण होत नाही. असे लोखंड हाडांचा कोळसा, लाकडी कोळसा, जळके चामडे वा शिंग यांत पुरून, हवाबंद डब्यात सुमारे ७५० ते ८५० अंश सेल्सियसपर्यंत काही तास तापविले, की बाहेरच्या थरात कर्ब शिरतो. मग तो नग एकदम पाण्यात टाकतात. बाहेरचा थर, मिलिमीटरच्या अंशाएवढा, काचेसारखा कठीण होतो आणि आतला गाभा चिवट राहतो. बंदुकीच्या कळीला हेच हवे असते : झीज होऊ नये, आणि ठोक्याने तुकडाही पडू नये. पाण्यात हवेचे बुडबुडे असतील आणि नग कोळशातून थेट पाण्यात पडला असेल, तर आणखी एक गोष्ट घडते. पृष्ठभागावर ऑक्साइडचे अत्यंत पातळ पापुद्रे जमतात आणि प्रकाशाच्या व्यतिकरणाने निळा, जांभळा, गवती, तपकिरी असे ढगाळ रंग उमटतात. हा रंग रंगद्रव्याचा नव्हे; साबणाच्या फुग्यावर दिसतो त्या जातीचा आहे. म्हणून तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो, आणि हाताळणी, ऊन, क्षार वा घासणी यांपुढे टिकत नाही.

या क्रियेचे सर्वांत प्रसिद्ध युरोपीय वर्णन बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील थिओफिलस या टोपणनावाच्या भिक्षूच्या लॅटिन ग्रंथात आहे. कानशी कठीण करण्यासाठी बैलाचे शिंग जाळून खरवडावे, त्यात मीठ मिसळावे, तापून लाल झालेल्या कानशीवर ते शिंपडावे आणि मग पाणी द्यावे, असे तो सांगतो. दुसरी कृती डुकराची चरबी आणि बोकडाच्या कातड्याच्या पट्ट्या गुंडाळून वरून मातीचा लेप देण्याची आहे. त्याच ग्रंथात पाणी देण्यासाठी, तीन दिवस उपाशी ठेवून मग नेचे खाऊ घातलेल्या बोकडाचे किंवा लाल केसांच्या लहान मुलाचे मूत्र वापरावे, असेही म्हटले आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात जोसेफ मॉक्सन या लंडनच्या मुद्रकाने कारागिरीवरील पुस्तिका छापल्या. त्यांत शिंग वा खूर यांची पूड, मीठ आणि शिळे मूत्र यांचा लेप आहे, लाल केसांचा मुलगा मात्र नाही. रेओम्यूरने १७२२ मध्ये याच मिश्रणांचे पद्धतशीर प्रयोग प्रसिद्ध केले. रसायनशास्त्राने पुढे दिलेले स्पष्टीकरण असे, की शिंग, खूर, चामडे आणि मूत्र या सर्वांत कर्बाबरोबर नायट्रोजन असतो आणि दोन्ही मिळून लोखंडाच्या पृष्ठभागाला अधिक कठीण करतात. एकोणिसाव्या शतकातील लोहार पिवळ्या 'प्रशिएट'ची पूड वापरू लागले. तीही मुळात रक्त आणि शिंगे जाळूनच बनत असे.

आता 'बृहत्संहिते'तील खड्गलक्षणाचा अध्याय उघडला तर अभ्यासक चकित होतो. वराहमिहिर सहाव्या शतकातील. तलवारीवरील व्रणांची शुभाशुभ फळे आणि तिचे गंध सांगून झाल्यावर तो शस्त्राला काय 'पाजावे' याकडे वळतो. श्रीची इच्छा असणाऱ्याने रक्त, गुणवान पुत्र हवा असणाऱ्याने तूप, अक्षय धन हवे असणाऱ्याने पाणी. हे सारे तो उशनसाच्या मताने सांगतो. परंतु त्यानंतर येणारी एक कृती या फलश्रुतीपासून वेगळी पडते : रुईचा चीक, मेंढ्याच्या शिंगाची मस आणि पारवा व उंदीर यांची विष्ठा यांचा लेप, शस्त्राला तेल लावून हा लेप द्यावा, मग पाणी पाजावे, धार लावावी, म्हणजे ते दगडावरही बोथट होत नाही. येथे पुत्र नाही, धन नाही. धार आहे आणि दगड आहे. लेपाचे घटक पाहता कर्ब आणि नायट्रोजन दोन्ही पुरविणारे हे मिश्रण आहे, आणि थिओफिलसच्या मिश्रणाशी त्याचे साम्य डोळ्यांत भरते. दोघांकडेही जळलेले शिंग आहे.

या साम्याचे काय करावयाचे, हा खरा प्रश्न आहे. गेल्या काही दशकांत अशा साम्यावरून 'आधी आमच्याकडे होते' असे म्हणण्याची आणि त्याला उत्तर म्हणून हे सगळे भाकड आहे असे म्हणण्याची, अशा दोन्ही रूढी बळावल्या. दोन्हींत एक उणीव समान आहे. दोन्ही पाठ वाचीत नाहीत. वराहमिहिराची कृती पात्यासाठी आहे, थिओफिलसची कानशीसाठी. पहिलीत लेप देऊन एकदा तापविणे अभिप्रेत दिसते. तेवढ्या अवधीत कर्ब फार खोल जाणार नाही. ते पाते आधीच कर्बयुक्त पोलादाचे असेल, तर लेपाचे काम नवी कातडी चढविण्याचे नसून तापविताना असलेला कर्ब जळू न देण्याचेही असू शकते. म्हणजे घटक एक असूनही प्रयोजन दोन. तौलनिक साहित्यशास्त्रात प्रभाव आणि साधर्म्य यांत जो भेद केला जातो, तो येथे तसाच लागू पडतो. शिंग दोन्हीकडे आहे याचे कारण कोणी कोणाकडून घेतले हे नसून, पशुपालक समाजात लोहाराच्या हाताशी शिंग, खूर, शेण आणि मूत्र हीच द्रव्ये होती, हे अधिक संभवनीय आहे. आणि लाल केसांचा मुलगा व गुणवान पुत्र यांना केवळ अंधश्रद्धा म्हणून गाळून उरलेले तेवढे 'विज्ञान' समजण्याची घाईही बरी नव्हे. त्या तपशिलांनीच कृती स्मरणात राहिली आणि हस्तलिखितांतून टिकली.

रंगाचा उल्लेख मात्र वराहमिहिराकडे नाही. तो येतो चौदाव्या शतकातील 'शार्ङ्गधरपद्धती'च्या धनुर्वेदविषयक भागात. पिंपळी, सैंधव आणि कोष्ठ गोमूत्रात वाटून बाणाच्या फाळाला लावावे, ते अग्नीत तापवावे, मोराच्या मानेचा रंग आला की निर्मळ पाणी पाजावे, असा त्याचा आशय आहे. मोराच्या मानेचा निळा रंग ही येथे शोभा नाही, सूचना आहे. तापमापक नसलेल्या काळात स्वच्छ पोलादावर चढणारा गवती, जांभळा आणि निळा असा रंगक्रम हाच उष्णतेचा मापदंड होता. निळा रंग सुमारे ३०० अंशांना येतो. बंदुकीच्या कळीवरील ढगाळ रंग आणि हा मयूरकंठी रंग भौतिकीच्या दृष्टीने सख्खे भाऊ आहेत, कारण दोन्ही ऑक्साइडच्या पापुद्र्याचेच. फरक एवढाच, की धनुर्वेदात रंग कृतीच्या मध्ये येतो आणि कारागिराला पुढची पायरी सांगतो. बंदुकीवर तो कृतीच्या शेवटी उरतो आणि पाहणाऱ्याला मागची पायरी सांगतो.

भाषेनेही या विद्येची एक खूण जपली आहे. संस्कृतात शस्त्र 'पान' करते. फारसीत 'आब' म्हणजे पाणी, तेज आणि पोलादाचा कसही. मराठीत हत्याराला पाणी देतात, पाणी चढवितात, आणि माणूसही पाणीदार असतो. मराठीतील 'पाणी' हा शब्द मुळात 'पानीय', म्हणजे पिण्याजोगे, यावरून आला, हे लक्षात घेतले तर ज्या पाण्याला शस्त्र पिते ते पाणी हे रूपक आपोआप सिद्ध होते. पोलादासाठी मराठीत 'तिखे' असा जुना शब्द आहे आणि 'गजवेल' हे उत्तम पोलादाचे नाव आहे. शिवकालीन 'राजव्यवहारकोशा'त शस्त्रवर्ग स्वतंत्र आहे. त्याचा कर्ता रघुनाथपंडित. काहींनी तो तंजावरच्या एकोजीराजांचा कारभार पाहिलेला रघुनाथ नारायण हणमंते असावा असेही म्हटले आहे. पण तो कोश दरबाराचा आहे, भट्टीचा नव्हे. फारसी नावाला संस्कृत प्रतिशब्द देणे हे त्याचे काम; हत्यार कसे घडते हे सांगणे नव्हे.

भट्टीची भाषा तंजावरच्या आसपास तमिळ होती, आणि तेथे पोलादाला 'उरुक्कु' म्हणतात, कन्नडात 'उक्कु'. मुंबईच्या हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये या पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले आणि पुढच्या वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवर निबंध वाचला. तेव्हापासून ऐकण्याच्या वा लिहिण्याच्या चुकीने 'वूट्झ' हा शब्द इंग्रजीत रूढ झाला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. स्टोडार्ट आणि फॅरडे यांनी १८२० च्या सुमारास पोलादाच्या मिश्रधातूंवर केलेले प्रयोगही याच वाटेने निघाले. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी जोसाया मार्शल हीथ यांनी नोकरी सोडून परंगीपेट्टई, म्हणजे पोर्टो नोवो, येथे लोखंडाचा कारखाना काढला. १८३९ च्या लेखात त्यांनी मुशीत घडीव लोखंडाबरोबर तरवडाचे लाकूड आणि रुईची पाने घालून वर मातीचे झाकण बसविण्याची पद्धत वर्णिली. इजिप्तच्या शिळा भारतीय पोलादाच्या हत्यारांनी कोरल्या गेल्या असाव्यात, अशी कल्पनाही त्यांनी मांडली. कारखाना तोट्यात गेला, आणि मँगनीजच्या वापराचे त्यांचे एकस्व इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षांच्या खटल्यांत अडकले.

रुईचा चीक वराहमिहिराच्या लेपात आणि रुईची पाने हीथच्या मुशीत, ही जोड मोहात पाडणारी आहे. तरीही दोन क्रिया मूलतः भिन्न आहेत. मुशीत लोखंड वितळते आणि कर्ब त्याच्या अंतर्बाह्य भिनतो. अशा पोलादात तो शेकडा एक ते दीडच्या आसपास असतो आणि थंड होताना स्फटिकांची जी रचना होते तिच्यामुळे पात्यावर लहरी उमटतात. पृष्ठकठिणीकरणात गाभा लोखंडच राहतो. तमिळनाडूत मुशीच्या पोलादाची परंपरा फार जुनी आहे : कोडुमणल येथील उत्खनन आणि मेल-सिरुवलूर येथे शारदा श्रीनिवासन यांनी १९९० च्या दशकात शोधलेले मुशींचे अवशेष यांमुळे ती ग्रंथांतील ऐकीव राहिलेली नाही. ज्या प्रदेशात उत्तम पोलाद संपूर्ण मिळत होते, तेथे लोखंडाला केवळ कातडी चढविण्याची निकड कमी भासणे स्वाभाविक होते.

बंदुकीच्या इतिहासात ही निकड नेमकी कोठे निर्माण झाली, हे पाहणे त्यामुळे उद्बोधक ठरते. दक्षिणेत प्रचारात असलेली तोड्याची बंदूक यंत्र म्हणून अगदी साधी होती. चाप ओढला की जळता तोडा धरलेला चिमटा कानावरील रंजकीवर टेकतो. ना जोरकस कमान, ना ठोका, ना ठिणगी. अशा कळीला मऊ लोखंड पुरते. नळी उत्तम हवी, आणि लोखंडाच्या पट्ट्या जोडून नळी घडविण्यात दक्षिणेचे लोहार निष्णात होते. तंजावरच्या पूर्व तटावरील, नायक राजांच्या काळातील, साडेसात मीटरांच्या आसपास लांबीची घडीव तोफ हे त्याचे प्रचंड उदाहरण आजही जागेवर आहे. चकमकीची बंदूक आली आणि प्रश्न पालटला. घरगुती चकमकीत गारेने पोलादाचा कण खरवडून ठिणगी पाडतात, तेच येथे एका कमानीच्या जोराने व्हावे लागते. गार जिच्यावर आपटते ती पट्टी मऊ असेल तर ठिणगीच पडत नाही, आणि आरपार कठीण असेल तर तडकते. कळीच्या आतील दाते झिजले तर बंदूक धरवत नाही, आपोआप उडते. म्हणजे कठीण कातडी ही येथे चैन नव्हती. तिच्यावर बंदूक उडणे न उडणे अवलंबून होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या ज्या नमुन्याची बंदूक ब्रिटिश सैन्याने १७९७ मध्ये स्वीकारली, आणि जी 'इंडिया पॅटर्न' म्हणून ओळखली जाते, तिच्या कळीचे भाग अशाच रीतीने कठीण केलेले असत. श्रीरंगपट्टणच्या कारखान्यांत टिपू सुलतानाने चकमकीच्या बंदुका घडविल्या त्या अर्थी ही विद्या तेव्हा दक्षिणेत पोहोचली होती, असे मानावे लागते; मात्र त्याच्या बंदुकांवर डोळा खिळतो तो कळीच्या रंगावर नव्हे, तर वाघाच्या पट्ट्यांवर.

लष्करी बंदुकीवर हे रंग टिकविलेही जात नसत. कळ कठीण झाली की तिला घासून लखलखीत करीत. ढगाळ रंग जाणीवपूर्वक राखणे आणि त्यावर लाखेचा पातळ लेप देऊन ते जपणे ही मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील, इंग्लंडमधील शिकारी बंदुका आणि अमेरिकेतील कोल्टची पिस्तुले यांच्यामुळे स्थिरावलेली अभिरुची. मद्रासमध्ये १८४९ पासून चालत आलेली पी. ऑर अँड सन्स ही घड्याळांची आणि जवाहिरांची पेढी बंदुकाही विकीत असे. माउंट रोडवरील रॉबर्ट चिझम यांच्या देखण्या वास्तूत घड्याळे, दागिने आणि बंदुका एकाच छपराखाली मांडल्या जात. यंत्राची क्रिया आणि आभूषणाची शोभा यांतील सीमारेषा तेथे पुसट झाली, असे म्हणता येईल. जो रंग क्रियेचा आनुषंगिक परिणाम होता तो दर्जाची खूण बनला, आणि मग खूण म्हणून स्वतंत्रपणेही निर्माण करण्यात आला.

मराठी दरबाराची सौंदर्यदृष्टी याच्या विरुद्ध दिशेची होती. खंडेनवमीला शस्त्रे घासूनपुसून मांडावयाची आणि पुजावयाची. शस्त्राचे तेज म्हणजे त्याची झळाळी. शिकलगार या व्यवसायनामातच झळाळी देणे हा अर्थ आहे. मूळ अरबी 'सैकल' म्हणजे चकाकी. वर्षानुवर्षे होणाऱ्या या संस्कारापुढे ऑक्साइडचा पापुद्रा टिकणे शक्य नव्हते. इंग्रजी पलटणीतील शिपाईही आपली बंदूक तितक्याच निष्ठेने घाशीत असे. एकाची पूजा आणि दुसऱ्याची शिस्त. पृष्ठभागाच्या दृष्टीने परिणाम एकच. त्यात मद्रासच्या खाऱ्या, दमट हवेचा गंज आणि तो काढण्यासाठी केलेली घासणी यांची भर पडली. या संग्रहालयात १९३० मध्ये सुरू झालेल्या रासायनिक प्रयोगशाळेने, एस. परमशिवन यांच्या कामामुळे, धातुवस्तूंच्या जतनाला भारतात शास्त्रीय पाया दिला. तोवर तंजावरची शस्त्रे येऊन पासष्टाहून अधिक वर्षे झाली होती.

अशा शस्त्रांवर पृष्ठाचा पुरावा शोधावयाचा तर तो दर्शनी बाजूस शोधून उपयोग नाही. बंदुकीची कळ ज्या पट्टीवर बसविलेली असते तिची लाकडाकडील बाजू, मळसूत्राच्या छिद्रांच्या कडा, घोड्याखाली झाकलेला भाग, कमानीच्या टोकाखालची जागा या ठिकाणी ना ऊन पोहोचते, ना शिकलगाराचा हात. जुन्या इंग्रजी बंदुका उघडल्यावर निळे-तपकिरी ढग बहुधा तेथेच सापडतात. कठीण थर तर रंग गेल्यावरही राहतो, आणि सूक्ष्म काठिण्यमापनाने तो दाखविता येतो. त्यासाठी लागणारा ठसा डोळ्यांना दिसतही नाही. एलगुड यांच्या ग्रंथातील छायाचित्रे पात्यांची आणि मुठींची आहेत. कळी मात्र आतल्या बाजूने पाहावयाच्या असतात.